गुडघ्याचा कोन सेन्सरने मोजताय? या चुका टाळा

मांडीला एक सेन्सर, नडगीला एक, पेशंट वीस-पंचवीस पावलं चालला की गुडघा किती वाकला याचा आलेख समोर हजर. निरोगी चालीत प्रत्येक पावलाला दोन उंचवटे दिसतात: टाच टेकल्यानंतर साधारण १५-२० अंशांचा छोटा, आणि पाय हवेतून पुढे जाताना ६० अंशांच्या आसपासचा मोठा. हा आकार डोळ्यांत बसवून घ्या. बऱ्याचशा चुका त्यावरूनच हाती लागतात.

सगळ्यात महागात पडते ती शून्याची चूक. चाचणीआधी पेशंटला सरळ उभं करतात आणि सॉफ्टवेअर त्या वेळचा गुडघा शून्य अंश धरून चालतं. पण झिजलेला गुडघा पुष्कळदा पूर्ण सरळ होतच नाही. माझ्याकडे आलेल्या एका आजींचा आलेख इतका स्वच्छ होता, की मी रिपोर्ट लिहायलाही घेतला. तेवढ्यात त्या पलंगावर पाय लांब करून बसल्या आणि गुडघ्याखालच्या पोकळीतून माझा हात सहज आरपार गेला. गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचा, दोन पट्ट्यांचा कोनमापक) लावला, तर उभ्यानेही गुडघा १२ अंश वाकलेला. म्हणजे आलेखातला प्रत्येक आकडा १२ने कमी, आणि आजींचं मूळ दुखणंच रिपोर्टमधून गायब! तेव्हापासून पेशंट उभा राहिला की आधी गोनिओमीटर लावते: मधला खिळा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, एक पट्टी खुब्याच्या हाडाकडे, दुसरी बाहेरच्या घोट्याकडे. येईल तो कोन सुरुवातीचा आकडा म्हणून भरते. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण ते चुकवू नका.

दुसरी चूक पट्टा बांधण्याची. मांडीच्या पुढच्या मांसल भागावर बांधलात तर दर पावलाला मांस हलतं, त्याबरोबर सेन्सरही, आणि आलेखावर नसलेले काटे उमटतात. मांडीच्या बाहेरच्या बाजूला बांधा, खाली नडगीच्या आतल्या सपाट हाडावर. सलवार किंवा पँटवरून कधीच नको. सेन्सरभोवती पेनाने रेघ मारून ठेवा, म्हणजे चालून झाल्यावर पट्टा घसरला का ते लगेच कळतं.

आलेखात गुडघा बाजूला २० अंश झुकलेला दिसला तर घाबरू नका, गुडघा तसा झुकत नाही. सेन्सर तिरका बसलाय आणि वाकण्याचा काही भाग दुसऱ्या अक्षावर सांडतोय. पेशंटला टेबलाच्या कडेवर बसवून पाच-सहा वेळा गुडघा वाकव-सरळ करायला लावा. सॉफ्टवेअरमध्ये सोय असेल, तर त्या हालचालीवरून गुडघ्याच्या बिजागरीचा अक्ष, म्हणजे गुडघा ज्या रेषेभोवती वाकतो ती रेषा, शोधता येतो.

एमपीयू-६०५० सारखी स्वस्त चिप घेऊन स्वतः यंत्र बनवणाऱ्या विद्यार्थ्यांना एक सांगणं. या चिपचा जायरो, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणारा भाग, मुळात सेकंदाला ±२५० अंशांवर लावलेला असतो. नेहमीच्या चालीतही नडगीचा फिरण्याचा वेग सेकंदाला ३०० अंशांच्या पुढे जातो. मग शिखराचा माथा कापल्यासारखा सपाट येतो आणि कोन कमी निघतो. रेंज ±१००० वर न्या. ॲक्सेलरोमीटरही (धक्का आणि त्वरण मोजणारा भाग) ±२ जी वर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या दुपटीवर, ठेवू नका, टाच आपटताना तो अपुरा पडतो.

दोन्ही सेन्सरची घड्याळं जुळलेली हवीत. नडगी सेकंदाला ३०० अंशांच्या वेगाने फिरत असताना तिथला सेन्सर १० मिलिसेकंद मागे पडला, की ३ अंश गेलेच. बांधण्याआधी दोन्ही एकत्र धरून टेबलावर तीनदा ठोका आणि नंतर आलेखावर उमटलेले ठोक्यांचे काटे जुळवा.

राहिला ड्रिफ्ट, म्हणजे हळूहळू साचत जाणारी चूक. जायरोत सेकंदाला ०.१ अंशाची चूक असली तरी नुसती बेरीज करत गेल्यावर मिनिटाला ६ अंश होतात. म्हणून सुरुवातीला सेन्सर काही सेकंद टेबलावर स्थिर ठेवून ती चूक मोजून वजा करा. ट्रेडमिलची मोटर किंवा फरशीखालच्या लोखंडी सळ्या जवळ असतील तर मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्रावरून दिशा ओळखणारा भाग) बंदच ठेवा. आणि चालून झाल्यावर पेशंटला पुन्हा पहिल्यासारखंच उभं करा. सुरुवातीचा आणि शेवटचा कोन दोन-तीन अंशांपेक्षा जास्त सरकला असेल, तर थोडी विश्रांती देऊन चाचणी परत घ्या.