अमेरिकेत रिसेप्शनला ओपन बार ठेवायचाय? बजेट असं मांडा

इथे नवीन आलेल्या मुलामुलींचं लग्न ठरलं की हॉल बघणं सुरू होतं आणि अडतात ते बारच्या पानावर. ओपन बार म्हणजे पाहुण्यांनी हवं ते प्यायचं आणि पैसे तुम्ही भरायचे. जेवणाचं आपल्याला कळतं, प्लेटमागे एवढे, स्टार्टर्स एवढे, पण बारचा हिशोब आपल्या घरात कधी कोणी उघड मांडलेलाच नसतो, तिकडे लग्नातली दारू म्हणजे हॉलच्या मागे कुणाच्या तरी गाडीच्या डिकीत. इथे ती कॉन्ट्रॅक्टमध्ये असते आणि बिलातला मोठा आकडा असते. मी न्यू जर्सीत बरीच वर्षं आहे, ओळखीतल्या पोरांबरोबर बसून हे हिशोब करते, त्यामुळे उदाहरणं इथलीच देतेय, तुमच्या राज्यातला टॅक्स आणि नियम हॉलवाल्याला विचारून घ्या.

हॉलवाले साधारण दोन प्रकारे पैसे घेतात. एक पॅकेज, म्हणजे माणशी अमुक डॉलर, चार किंवा पाच तास, कोणी कितीही प्या. दुसरा कन्झम्प्शन, म्हणजे जेवढे ग्लास गेले तेवढ्याचं बिल. अमेरिकन लग्नात बहुतेक सगळे पितात म्हणून पॅकेज परवडतं. आपल्याकडे आजी-आजोबा, माळकरी काका, न पिणाऱ्या मावश्या, लहान पोरं, ड्रायव्हिंग करणारे, सगळे धरले तर निम्मा हॉल कोक आणि पाण्यावर असतो आणि पॅकेजमध्ये त्या सगळ्यांचे पैसे तुम्ही भरता. म्हणून माझं ठाम सांगणं आहे, सही करायच्या आधी पाहुण्यांची यादी घेऊन बसा आणि एकेका नावापुढे लिहा, पिणार, नाही पिणार, एकवीसच्या खालचा, म्हणजे ज्याला इथे दारू देता येत नाही असा. दोघांच्या घरच्यांना बसवा, अवघड वाटलं तरी बसवा, कारण कोणता मामा पितो हे आईलाच माहीत असतं.

अजून एक, इथे रिसेप्शन बहुतेक शनिवारी असतं आणि आपल्यातले बरेच जण शनिवारी मारुतीचा वार म्हणून घेत नाहीत, कोणी संकष्टीला घेत नाही, आणि उन्हाळ्यात लाँग वीकेंड बघून तारीख काढली की श्रावण मध्ये येतो का तेही बघा. हे सगळे माणशी पैसे आहेत.

आता आकडे. समजा 200 पाहुणे आणि पॅकेज माणशी 45 डॉलर. 9,000 झाले असं वाटतं, पण त्यावर समजा 22 टक्के सर्व्हिस चार्ज, म्हणजे 1,980, आणि त्या सगळ्यावर न्यू जर्सीचा 6.625 टक्के सेल्स टॅक्स, म्हणजे एकूण 11,700 च्या वर. किंमतीपुढे ‘प्लस प्लस’ लिहिलेलं असतं ते हेच, ते वाचल्याशिवाय बाबांना तिकडे फोन करून आकडा सांगू नका. सर्व्हिस चार्ज म्हणजे टिप नव्हे हेही लक्षात ठेवा, तो सगळा बारटेंडरला मिळतो की नाही ते स्पष्ट विचारा, आणि मिळत नसेल तर टिपचे वेगळे बाजूला ठेवा, ती माणसं रात्रभर उभी असतात. आता तेच 200 वेगळे करा, 100 पिणारे, 70 न पिणारे, 30 लहान. न पिणाऱ्यांना 15 डॉलरचा सॉफ्ट ड्रिंक्सचा रेट आणि लहानांना फुकट असं मिळालं तर 9,000 च्या जागी 5,550. हॉलवाले हे आपणहून सांगत नाहीत पण विचारलं तर बरेच जण देतात, विशेषतः भारतीय लग्नं करणारे हॉल, त्यांना आपली माणसं माहीत असतात.

काही ठिकाणी दारू तुम्ही आणायची असते, तिथे मोजायची पद्धत सोपी आहे. पिणाऱ्या माणसाचे पहिल्या तासाला दोन आणि नंतर दर तासाला एक धरा, म्हणजे 100 जण, चार तास, 500 ड्रिंक्स. वाईनच्या 750 मिलीच्या बाटलीत पाच ग्लास निघतात. व्हिस्कीचा इथला शॉट दीड औंस, म्हणजे साधारण 44 मिली, आपल्या तीस-साठच्या पेगच्या मधला, त्यामुळे 1.75 लिटरच्या मोठ्या बाटलीत 39 निघतात. 500 पैकी अर्धी बिअर धरली तर चोवीसच्या 11 केसेस, 100 ग्लास वाईनच्या 20 बाटल्या, उरलेल्या 150 ला चार मोठ्या बाटल्या, पाचवी हाताशी. प्रमाण आपल्या माणसांप्रमाणे बदला, काका मंडळी स्कॉचवर असतात आणि डान्स फ्लोअरवरची पोरं टकीला मागतात. न उघडलेल्या बाटल्या परत घेतात का हे दुकानात आधीच विचारा. न्यू जर्सीत दारूचं लायसन्स नसलेल्या रेस्टॉरंटमध्ये फक्त वाईन आणि बिअर नेता येते, व्हिस्की नाही, छोटं रिसेप्शन तिथे करणार असाल तर हे धरून चाला.

पॅकेज घेतलंत तर ब्रँड लिहून मागा. ‘प्रीमियम’ या शब्दावर जाऊ नका, ब्लॅक लेबल त्यात आहे का एवढं विचारा, आपल्या पाहुण्यांना तेच लागतं. बऱ्याच हॉलमध्ये शॉट्स देत नाहीत, तेही विचारा. आणि घड्याळ कधी सुरू होतं ते बघा. कॉन्ट्रॅक्टमध्ये सहा म्हटलंय आणि आपली मंडळी पावणेसातला येणार, तर पाऊण तासाचे पैसे रिकाम्या हॉलवर गेले, पुढे डान्स रंगल्यावर ओव्हरटाईमचा रेट लागतो तो वेगळा. पत्रिकेत वेळ अर्धा तास आधीची छापा.

न पिणाऱ्यांसाठी चांगलं काहीतरी ठेवाच. कोकम सरबत, पन्हं, सोलकढी, बाहेरून आणू देतात का विचारा. आपल्या बजेटमध्ये सगळा पैसा बारकडे जातो आणि आजीच्या हातात प्लास्टिकच्या ग्लासात स्प्राइट येतं, हे मला अजिबात पटत नाही.

आता जे बिलात दिसत नाही ते. न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने 1984 मध्ये केली विरुद्ध ग्विनेल या केसमध्ये निकाल दिला की स्पष्ट दिसतंय की पाहुण्याला चढली आहे, तरी यजमानाने पाजत राहून गाडी चालवू दिली आणि अपघात झाला तर यजमानही जबाबदार. म्हणून एक दिवसाचा इव्हेंट इन्शुरन्स घ्या, त्यात होस्ट लिकर लायबिलिटी, म्हणजे दारू पाजणाऱ्या यजमानावर येणाऱ्या जबाबदारीचं कव्हर आहे ना ते वाचा, बरेच हॉल तो मागतातच. आणि तुमचे मित्र एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असतील तर त्यांना नीट समजावा, डीयूआयमध्ये, म्हणजे पिऊन गाडी चालवल्याबद्दल, नुसती अटक झाली तरी स्टेट डिपार्टमेंट, म्हणजे इथलं परराष्ट्र खातं, व्हिसा रद्द करू शकतं, पुढच्या वेळी भारतात गेल्यावर तो नव्याने काढावा लागतो आणि तिथे या अटकेचे प्रश्न निघतात. दोन बाटल्या कमी घ्या पण हॉटेल ते हॉल शटल ठेवा, त्याचे पैसे बारच्या बजेटमध्येच धरा. बारही कार्यक्रम संपायच्या तासभर आधी बंद करा, तोवर चहा-कॉफी सुरू करा.

तिकडून येणाऱ्या एकोणीस-वीसच्या भावंडांना आधी सांगून ठेवा, गोव्यात अठराला चालत असेल, इथे सगळीकडे एकवीसच. बारटेंडर आयडी मागतो आणि आधार कार्ड चालत नाही, तेव्हा पिणाऱ्या पाहुण्यांना पासपोर्ट बरोबर ठेवायला सांगा.