धूळ कॅबिनेटमध्ये कुठून शिरते ते आधी शोधा

बेळगावच्या वडगावात विणकरांच्या मागांच्या गल्लीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आसपासच्या घरातलं कॅबिनेट उघडलं की प्रोसेसरच्या पंख्याखालून तंतूंची करडी गादीच निघते. उद्यमबागच्या फाउंड्रीतून आलेल्या मशीनमध्ये काळी बारीक पूड असते. खानापूरकडची मशीनं आतून तांबडी झालेली असतात. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतलं कॅबिनेट उघडायच्या आधी मी नाकाला रुमाल बांधतो. म्हणून "धूळ आत जाऊ नये म्हणून काय करू?" असं कुणी विचारलं, की मी आधी गाव विचारतो.

पण गाव कुठलंही असो, पहिलं काम एकच. पंखा आहे म्हणजे हवा आत येणार आणि हवेबरोबर धूळही येणार. ती हवा कुठल्या वाटेनं यावी, एवढंच आपल्या हातात असतं.

आपल्याकडच्या बहुतेक असेंबल केलेल्या स्वस्त कॅबिनेटमध्ये मागे एकच पंखा असतो आणि तो हवा बाहेर फेकतो. बाहेर गेली तेवढी हवा कुठून तरी आत यायलाच हवी. मग ती डीव्हीडीच्या रिकाम्या खणातून, यूएसबीच्या भोकांतून, मागच्या उघड्या पट्ट्यांतून, पत्र्याच्या फटींतून येते. या वाटांवर जाळी नसते. तुम्ही पुढच्या बाजूला कितीही चांगली जाळी लावा, धूळ मागच्या दारानं येतेच. "सगळी भोकं चिकटपट्टीनं बंद करतो की!" असं म्हणणारे मागवाले मला भेटतात. फटी जरूर बुजवा, पण एवढ्यावर काम भागत नाही.

उपाय असा: आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवायची. पुढे १२० मिलिमीटरचे दोन पंखे आत ओढणारे, मागे तेवढाच एक बाहेर फेकणारा, आणि पुढच्या दोघांवर जाळी. मग आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहतो आणि फटींतून हवा बाहेर पडते, आत येत नाही. पंखा बसवताना दिशा नीट बघा. काही पंख्यांच्या चौकटीवर बाण असतात. नसतील तर मोटर धरून ठेवणाऱ्या आडव्या दांड्या ज्या बाजूला आहेत, त्या बाजूनं हवा बाहेर पडते.

इथं एक गोष्ट बरेच जण विसरतात. जुन्या कॅबिनेटमध्ये पॉवर सप्लाय वर असतो. तो आतलीच हवा ओढून मागे फेकतो, म्हणजे तोही बाहेर फेकणाऱ्यांत मोजायचा. खाली बसणारा पॉवर सप्लाय तोंड खाली करून बसवला असेल, तर तो तळाच्या जाळीतून स्वतःची हवा घेतो आणि स्वतःच बाहेर टाकतो. तो या हिशेबात येत नाही.

जमलं की नाही हे तपासायला उदबत्ती पुरते. मशीन चालू करून बाजूचा पत्रा लावा आणि पेटती उदबत्ती मागच्या फटींजवळ धरा. धूर बाहेर ढकलला गेला तर काम झालं. आत ओढला गेला तर बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन पुढच्या पंख्यांचा वेग वाढवा किंवा मागच्याचा कमी करा. मिनिटभरात आटपा, धूर आत ओढवत बसू नका. कॅबिनेट देव्हाऱ्याखाली ठेवू नका असं मी सांगतो तेही याचसाठी. उदबत्तीची राख आणि निरांजनाची काजळी रोज थेट पंख्यात जाते.

आता जाळी. मागांच्या तंतूंना डासांची नायलॉनची जाळीसुद्धा बरीचशी अडवते, तंतू लांब असतात. खानापूरच्या तांबड्या मातीला किंवा तंबाखूच्या भुकटीला तिची भोकं फार मोठी पडतात. तिथं बारीक विणीची नायलॉन जाळी घ्या. जुन्या साडीचा तुकडा किंवा रुमाल लावू नका. कॅबिनेटच्या पंख्याला जाड कापडातून हवा ओढण्याइतका जोर नसतो. धूळ थांबते खरी, पण मशीन तापतं. जाळी लावायच्या आधी आणि नंतर, तेच काम चालू असताना, एचडब्ल्यूमॉनिटरसारख्या प्रोग्रॅममध्ये तापमान बघा. दोनचार अंश वाढलं तर चालतंय. दहा अंश वाढलं तर जाळी बदला.

फाउंड्रीची गोष्ट वेगळी आहे. तिथल्या धुळीत लोखंडाचे कण असतात, त्यातून वीज वाहते आणि ते मदरबोर्डवर बसले की शॉर्ट होऊ शकतं. बाजारात मिळणाऱ्या चुंबकाच्या कडांच्या जाळ्या तिथं वापरू नका. कण कडेला चिकटून बसतात आणि जाळी काढताना आत पडतात. स्क्रूची जाळी बरी. खरं तर मशीन शेडमध्ये ठेवूच नका, दार बंद राहणाऱ्या ऑफिसात फळीवर ठेवा. शेडमध्येच लागणार असेल तर बिनपंख्याचा छोटा पीसी घ्या. त्याला पैसे जास्त पडतात, पण मी तोच सुचवतो.

चिकोडी-संकेश्वर पट्ट्यात ऊसतोडीच्या हंगामात पाचट पेटवलं की काजळी हवेत तरंगत घरात येते. त्या दिवसांत शेताकडची खिडकी संध्याकाळी लावून घ्या आणि जाळी दर आठवड्याला धुवा. आणि गाव कुठलंही असो, कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका. केरसुणी फिरली की उडालेलं सगळं तळाच्या जाळीत जातं. फूटभर उंच स्टूलही पुरतं. स्वयंपाकघराला लागूनही नको. फोडणीच्या वाफेनं धूळ चिकट होते आणि मग ब्लोअरनं हलत नाही.

खंडेनवमीला आपण मशीनची पूजा करतो, करावीच. पण आधी मशीन बंद करा, आणि हळदकुंकू पुढच्या जाळीवर न लावता बाजूच्या पत्र्यावर लावा. दसऱ्यानंतर माझ्याकडे आतून पिवळी झालेली कॅबिनेटं येतात.

मोठी साफसफाई मे महिन्यात करा. आत साठलेली धूळ पावसाळ्यात ओल धरते आणि रॅमचे, कार्डाचे संपर्क खराब होतात. प्लग काढा, कॅबिनेट अंगणात न्या, आत हात घालायच्या आधी उघड्या पत्र्याला हात लावा म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. हाताचा इलेक्ट्रिक ब्लोअर थोडा लांब धरून वापरा. तेव्हा पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर पंखा वाऱ्यानं भन्नाट फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा मोह टाळा, त्या हवेत पाणी आणि तेल असतं. घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरची प्लास्टिकची नळी बोर्डाजवळ नेऊ नका. विशेषतः हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत तिच्यावर स्थिर वीज साठते.

तंतूंच्या गादीवर मात्र ब्लोअर मारू नका, ती हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पातळ पत्र्यांमध्ये आणखी घट्ट बसते. हीटसिंकवरचा पंखा तेवढा सोडवा आणि गादी चिमट्यानं उचलून घ्या, सहसा अख्खी निघते. हीटसिंकच उचलावा लागला तर खालची उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट पुसून नवी लावल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. पॉवर सप्लाय उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये वीज राहते. बाहेरून जाळीवर वारा मारला तरी पुष्कळ निघतं.

मशीन चालू असताना प्लास्टिकचं कव्हर घालू नका. रात्री बंद केल्यावर उशीचा जुना अभ्रा घातला तर हरकत नाही.

जाळ्या साध्या साबणानं धुवा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. आमच्या पावसात त्यांना एक रात्र पुरत नाही, म्हणून दुसरा जोड करून ठेवा. पहिला वाळेपर्यंत तो लावता येतो.