शाळेच्या फळ्यावर दिनविशेष कसा लिहावा

परिपाठात दिनविशेष वाचला जातो तेव्हा बहुतेक मुलं ऐकत नसतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. ‘अमक्यांचा जन्म, तमक्यांचं निधन, अमुक साली अमुक शोध’ अशा आठ-दहा ओळी एका दमात वाचल्या की एकही ध्यानात राहत नाही. पण एकाच तारखेच्या दोन-तीन घटना नीट निवडून शेजारी मांडल्या, तर पाचवीतलं मूलसुद्धा थांबून वाचतं. ते कसं करायचं, हे १ ऑगस्टच्या उदाहरणाने सांगते.

पहिलं काम आदल्या संध्याकाळी करा. यादी काढा आणि लगेच कापा. १ ऑगस्टला आपल्या राज्यात महसूल दिन असतो. १७७४ साली याच दिवशी जोसेफ प्रीस्टलीने ऑक्सिजन वेगळा केला. १९१४ साली जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. हे सगळं खरं आहे, तरी मी ते सोडून देते. फळ्यावर तीन नोंदी पुरतात, आणि १ ऑगस्टच्या तिन्ही एकाच वर्षात मिळतात: १९२०.

मग प्रत्येक नोंदीत डोळ्यांसमोर उभं राहील असं काहीतरी घाला. ‘टिळकांचं निधन’ एवढंच लिहू नका. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात, मध्यरात्र उलटल्यावर लोकमान्य गेले. भर पावसात अंत्ययात्रा निघाली, लाखो लोक लोटले, गांधीजींनी खांदा दिला आणि गिरगाव चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. दुसरी नोंद वाटेगावची. आज सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात असलेल्या या गावी त्याच तारखेला तुकाराम भाऊराव साठे जन्मले, म्हणजेच आपले अण्णाभाऊ. तिसरी नोंद असहकार चळवळीची. ती त्याच दिवशी सुरू झाली आणि गांधीजींनी व्हाइसरॉयला पत्र लिहून आपलं कैसर-ए-हिंद पदक परत केलं.

हा फळा पहिल्यांदा लिहिला तेव्हा एका मुलीने विचारलं, “बाई, हे कुणी ठरवून केलं का?” तेव्हापासून हाच प्रश्न मी दिनविशेषाचा गाभा मानते. प्रत्येक नोंदीपुढे स्वतःला विचारा: हा योगायोग, की कुणी निवडलेला दिवस? असहकाराची तारीख आधीच ठरलेली होती. टिळकांचं जाणं आणि अण्णाभाऊंचं येणं मात्र कुणाच्याच हातात नव्हतं. याउलट २६ जानेवारी ठरवून निवडली गेली. १९३० साली त्या दिवशी देशभर पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली होती, म्हणून नोव्हेंबर १९४९ मध्ये स्वीकारलेली राज्यघटना २६ जानेवारी १९५० पासून अमलात आणली. १५ ऑगस्टचंही तसंच. १९४५ साली त्याच दिवशी जपानची शरणागती जाहीर झाली होती, आणि ती आठवण मनात ठेवून माउंटबॅटन यांनी सत्तांतराची तारीख निवडली. मुलांना हे कळलं की तारीख नुसती पाठ करायची गोष्ट उरत नाही.

आता तपासणी. इथे घाई करू नका. दोन संकेतस्थळांवर तीच यादी दिसली म्हणजे ती दोनदा तपासली असं होत नाही, बहुतेकदा एकाने दुसऱ्याची उतरवलेली असते. मराठी विश्वकोश घरबसल्या फुकट वाचता येतो, निदान त्यात तरी पाहा. जन्मतारीख १ जून असेल तर आणखी सावध व्हा. गावाकडे कितीतरी जणांना ही तारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनीच दिलेली आहे.

जुन्या तारखांचा घोळ वेगळा. शिवराज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ ला झाला. आपण ६ जून १६७४ म्हणतो ती इंग्रजांच्या तेव्हाच्या जुन्या कॅलेंडरची तारीख. आजच्या गणतीने तो दिवस १६ जूनला येतो. म्हणून शिवकालातली नोंद असेल तर तिथी आणि शकही लिहा. दिवस कधी सुरू होतो तेही बघा. लोकमान्य गेले तेव्हा इंग्रजी तारखेने रविवार लागला होता, पण आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून पंचांगात अजून शनिवारच होता. माणूस चंद्रावर उतरल्याची तारीख २० जुलै १९६९ अशी लिहितात, पण त्या क्षणी आपल्याकडे २१ जुलैच्या पहाटेचे पावणेदोन झाले होते.

लिहिताना सालाला रंगीत खडू वापरा. प्रत्येक नोंद दोन ओळींत संपवा, अक्षर मागच्या बाकावरून वाचता येईल एवढं मोठं काढा. वाचून दाखवायचं काम रोज वेगळ्या मुलाला द्या.

आणि खाली एक ओळ मोकळी सोडा, ‘आपल्या गावात’ एवढंच लिहून. मुलांनी घरी विचारून यायचं: वीज कधी आली, एसटी पहिल्यांदा कधी थांबली, शाळेची इमारत कधी उभी राहिली. तारीख सांगता आली नाही तर आजी-आजोबा ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी’ असं सांगतात. तेही जसंच्या तसं लिहू द्या, मग सगळे मिळून जुन्या पंचांगात ती तारीख शोधा.