वाईत ब्राझीलची पोरगी: पहिल्यांदा होस्ट फॅमिली होताय त्यांच्यासाठी

२०१८ च्या ऑगस्टात आमच्याकडं वाईला ब्राझीलची १६ वर्षांची मुलगी राहायला आली, रोटरी यूथ एक्स्चेंजमधून, म्हणजे रोटरी क्लबच्या देशोदेशीच्या मुलांच्या अदलाबदलीतून. आमची लेक त्याच वर्षी फ्रान्सला गेलेली, तिची खोली रिकामी, म्हणून आम्ही होस्ट व्हायला हो म्हणून बसलो. मग फ्रान्सची का नाही आली असं सगळे विचारायचे, तर ही घरास घर अशी अदलाबदल नसते, आपलं पोर एकीकडं जातं आणि आपल्याकडं भलत्याच देशातलं येतं. आता ओळखीतल्या दोन घरांनी होस्ट व्हायचं ठरवलंय आणि रोज फोन करून तेच तेच विचारतायत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी कागदपत्रं, ती पटकन सांगते. मुलं साधारण १५ ते १९ वयाची असतात, वर्षभर राहतात, पण एकाच घरी नाही, दोन-तीन घरं बदलतात. तिकीट, इन्शुरन्स, व्हिसा त्यांच्या आईवडिलांकडं, राहणं-जेवण आपल्याकडं, आणि महिन्याचा पॉकेटमनी क्लब देतो. शिवाय क्लबमधली एक व्यक्ती काउन्सेलर म्हणून नेमतात, ती आपल्या घरातली नसते, म्हणजे पोराला आपल्याबद्दल तक्रार करायची असेल तर जागा हवी ना. आम्ही फसलो ते सी फॉर्मला, म्हणजे परदेशी पाहुणा आल्याची सरकारकडं करायची नोंद. परदेशी माणूस घरी उतरला की २४ तासांत तो भरावा लागतो, मला वाटायचं हे फक्त लॉजवाल्यांना असतं! ती पहाटे आली आणि आमचे हे रात्री अकराला लॅपटॉप घेऊन घाम पुसत बसलेले, कारण व्हिसाचा स्कॅन नीट नव्हता. पासपोर्ट आणि व्हिसाच्या स्वच्छ कॉप्या ती यायच्या आधीच मागवून ठेवा. व्हिसा १८० दिवसांहून जास्त असेल तर १४ दिवसांत रजिस्ट्रेशन पण लागतं, ते ऑनलाइन होतं.

पोरांना चार गोष्टी बंद, सगळ्या डी वरून: ड्रायव्हिंग, ड्रिंकिंग, ड्रग्ज, डेटिंग. बाकीच्या तिघांचं टेन्शन नव्हतं, पण ड्रायव्हिंगचं होतं, कारण आपल्याकडं सोळाव्या वर्षी पोरं ॲक्टिव्हा उडवतात आणि माझा पुतण्या दुसऱ्याच दिवशी “काकू, मी शिकवतो की तिला” म्हणून किल्ली घेऊन दारात. नियम मोडला तर थेट घरी पाठवतात, तिथं लाड नाहीत.

आता खरं सांगायचं ते. तुम्हाला वाटेल गाव छोटं, लोक तिला सामावून घेतील का. अहो, उलटंच होतं! पहिल्या पंधरा दिवसांत अकरा घरांनी बोलावलं. प्रत्येक घरी पोहे, चहा, मग “थोडं तरी”, मग शिरा, मग ओटी, मग शेजारच्यांना बोलावून फोटो. तिला नाही म्हणता येईना आणि मला पण येईना, कारण लोक प्रेमानंच बोलावत होते आणि खरं सांगू, मलाही मिरवायला मजा येत होती. बाराव्या घरी जायच्या आधी पोर तापानं फणफणली. डॉक्टर म्हणाले काही नाही, दमलीय, आणि पोटाला जरा सुट्टी द्या. चूक माझी होती. तेव्हापासून मी दारातच सांगायला लागले, आज नाही, रविवारी, आणि फक्त चहा. दोघीतिघी रुसल्या, रुसू देत. पाहुणीला गाव बघायचं असतं हे खरं, पण दिवसभर गाव तिलाच बघत बसलं तर ती कधी बघणार?

मिठीचा किस्सा सांगते. ब्राझीलमध्ये भेटलं की गालाला गाल लावतात. सासूबाई आंघोळ करून सोवळ्यात पूजेला निघालेल्या आणि हिनं जाऊन गळामिठी, वर गालाला गाल. सासूबाई काही न बोलता पुन्हा बाथरूममध्ये. संध्याकाळी म्हणाल्या, पोर मायेची आहे गं, फक्त वेळ चुकली. तेव्हा घरातल्या अशा वेळा आणि जागा पहिल्याच दिवशी हसत सांगून टाका.

भाषेचं आमचं नशीब जोरावर होतं. एकदा बाजारात ती बटाट्याकडं बोट दाखवून बटाटा म्हणाली, मी म्हटलं शाब्बास, लवकर शिकलीस, तर ती म्हणे शिकले नाही, आमच्याकडं पण हेच म्हणतात! त्यांची भाषा पोर्तुगीज ना, आपल्याकडं हे शब्द तिथूनच आलेले. मग खेळच झाला. आपली चावी ती त्यांची शावी, साबण म्हणजे साबाँव, पाव म्हणजे पाँव, काजू म्हणजे काझू, आणि काजूचं झाड तर पोर्तुगीजांनी ब्राझीलमधूनच गोव्याला आणलेलं. फ्रिजवर यादी लावली, आळीतली पोरं येऊन भर घालायची. ज्याला त्याला तिच्याशी इंग्लिश झाडायचं असतं, त्यांना सांगा मराठीच बोला. आमची दिवाळीपर्यंत भाजीवाल्याशी घासाघीस करायला लागली, ळ मात्र शेवटपर्यंत जमला नाही, केळी म्हणजे केली.

जवळच मेणवलीला घंटा बघायला नेलं होतं, चिमाजी अप्पांनी १७३९ ला पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हाच्या लुटीतली, तिच्यावर मेरी कोरलेली आहे. शेजारच्या काकूंनी हात जोडले, हिनं छातीवर क्रॉस काढला, आणि दोघी एकमेकींकडं बघून हसल्या. मी फोटो काढायला फोन काढला आणि परत ठेवला.

दिवाळी झाली, पाहुणे गेले आणि पोर गप्प झाली. तिसरा-चौथा महिना असाच असतो, आमची लेकही फ्रान्सहून तेव्हाच रडत होती. आठेक तासांचा फरक, म्हणजे आपल्याकडं पहाट तेव्हा तिच्या घरी रात्र, ती पहाटे उठून आईशी बोलायची आणि डोळे सुजवून कॉलेजला जायची. कॉलेजात मार्कांचं काही नसतं, नुसतं बसायचं, त्यामुळं अजूनच कंटाळा. तबल्याचा क्लास लावून दिला, थोडा फरक पडला.

पण खरा फरक घेवड्यानं पडला. आमच्याकडं कोरेगावकडचा वाघ्या घेवडा येतो, रेघारेघांचा. भिजत घातलेलं पातेलं बघून ती किंचाळलीच. म्हणे आमच्याकडं रोज भाताबरोबर हाच, अगदी अशाच रेघा! “मी करू?” म्हणाली. आता तोवर मी तिला ओट्याकडं फिरकू दिलं नव्हतं, पाहुणी ना, पाण्याचा ग्लास पण हातात नेऊन द्यायचे. त्या दिवशी बाजूला झाले. तिनं कुकरला घेवडा लावला, तेलात भरपूर लसूण-कांदा लाल केला, तमालपत्र, मीठ, डावानं थोडे दाणे भांड्याच्या कडेला चेचून रस दाट केला, बस. मसाला नाही, गूळ नाही, मी दोनदा कांदा-लसूण मसाल्याचा डबा उचलला आणि दोनदा ठेवला. सासूबाईंनी भातावर घेतला, चाखला, लोणचं मागितलं आणि परत वाढून घेतला. दर गुरुवारी घेवडा हिचा, असं ठरूनच गेलं. मग भांडी विसळणं आलं, दुधाची पिशवी आणणं आलं, आणि एकदा नाही आणली तर ओरडा पण खाल्लान. त्याच आठवड्यात मी तिला घराची चावी दिली. द्यायला तीन महिने लावले याचं आजही वाईट वाटतं. तुम्ही पहिल्या आठवड्यातच काम द्या आणि चावी पण.

डिसेंबरात ती दुसऱ्या घरी गेली, चालत दहा मिनिटांवर. त्या घरच्या वहिनींना मी लांबलचक मेसेज लिहिला, काय खाते, काय नाही, पहाटे फोनवर असते तेव्हा आत जाऊ नका वगैरे. पुढच्या गुरुवारी साडेसातला दाराचं लॅच वाजलं, कोण आलं म्हणून बघायला सासूबाई उठल्या पण नाहीत, आतूनच ओरडल्या, “घेवडा भिजवलाय, उशीर का केलास?”