हुरडा पार्टीला न्यायची चॉकलेट-शेंगदाणा वडी: ओव्हन नको, फ्रीजचा भरवसा नको

नाताळची सुट्टी जवळ आली की आपल्याकडं ग्रुपवर एकच विषय चालू होतो, कुणाच्या शेतात हुरडा धरलाय आणि कोण काय आणायलंय. एकजण दही, एकजण शेंगदाण्याची चटणी, एकजण धपाटे आणि ठेचा, असं पटापट वाटून होतं आणि शेवटी ‘गोड कोण आणतंय’ यावर सगळे गप्प. मग कुणीतरी दुकानातून क्रीमचा केक उचलतंय, तो गाडीत खड्ड्याखड्ड्यानं एका बाजूला सरकतोय आणि शेतात पोचेपर्यंत वरची नावं पुसून जातेत. शेतात न्यायचं गोड कसं पाहिजे, तर हातात धरून खाता आलं पाहिजे, चमचा-प्लेटचा ताप नको, उन्हात दोन तास टिकलं पाहिजे आणि पोटभर हुरडा खाल्लेल्या माणसाला पण एक तुकडा घ्यावासा वाटला पाहिजे. या सगळ्यात बसणारी एकच चीज मला भरवशाची वाटती, ती म्हणजे मारी बिस्किट आणि भाजलेल्या शेंगदाण्याची चॉकलेट वडी. अंडं नाही, ओव्हन नाही, त्यामुळं कुणाचा मार्गशीर्षातला गुरुवार असला तरी अंड्यापायी कुणी मागं सरत नाही (उपवासाला मात्र चालत नाही, बिस्किट आलं ना त्यात).

पंधरा-सोळा जणांसाठी सामान सांगतो. डार्क कंपाऊंड चॉकलेट ४०० ग्रॅम, मारी बिस्किट २५० ग्रॅम, शेंगदाणे १०० ग्रॅम, फ्रेश क्रीम २०० मिली, बिनमिठाचं बटर किंवा घरचं ताजं लोणी ५० ग्रॅम, कोको पावडर दोन मोठे चमचे, इन्स्टंट कॉफी एक छोटा चमचा आणि चिमूटभर मीठ. साखर अजिबात घालायची नाही, कंपाऊंडमध्येच ती भरपूर असती. आणि मीठ गाळू नका, त्यानंच चॉकलेटची चव वर येती, नाहीतर नुसतं गुळमट लागतंय.

आता कंपाऊंडवर जरा बोलायला पाहिजे कारण इथंच लोक गोंधळतेत. खऱ्या चॉकलेटमध्ये कोको बटर असतं आणि ते साधारण ३४ अंशाला वितळतंय, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेपेक्षा जरा कमीच, म्हणून तर ते जिभेवर विरघळतं. कंपाऊंडमध्ये कोको बटरच्या जागी वनस्पती तेलाचं फॅट असतं, म्हणून ते स्वस्त पडतंय आणि उन्हात लवकर ढेपाळत नाही. पाकिटामागचं वाचा, कोको बटर लिहिलंय का व्हेजिटेबल फॅट ते तिथं कळतं. चवीला खरं चॉकलेट सरस यात वाद नाही, पण डिसेंबरात पण आपल्याकडं दुपारी ऊन चटकतंच, तेव्हा शेतातल्या कार्यक्रमाला मी कंपाऊंडच घेईन, आणि गच्चीवर रात्रीची थर्टी फर्स्टची पार्टी असंल तर खरं. फक्त दोन्ही अर्धं-अर्धं मिसळू नका. दोघांच्या फॅटचं एकमेकाशी जमत नाही, वडी मऊ राहती आणि नंतर वर पांढरट डाग येतेत. कंपाऊंडची लादी लातूर, नांदेड, संभाजीनगरात केकचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळती.

आदल्या दिवशी संध्याकाळी करायला घ्या. पहिलं काम शेंगदाणे. खापरावर किंवा जाड तव्यावर मंद आचेवर भाजा, घाई केली की वरून काळे आणि आतून कच्चे राहतेत. चांगले खमंग झाले की गार करून सालं काढा, पाखडा आणि नुसते अर्धे-अर्धे करा, कूट करू नका. काजू-बदाम घातले तर चालतंय पण माझं विचाराल तर या वडीत शेंगदाण्याला तोड नाही, खर्च पण कमी आणि चॉकलेटचा कडवटपणा त्यालाच पेलतोय. तेवढं पार्टीत कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का ते आधी ग्रुपवर विचारून घ्या.

बिस्किटं हातानंच मोडायची, नखाएवढे तुकडे, मिक्सरला लावायची नाहीत. पीठ झालं की सगळी गंमत गेली, दाताखाली काहीतरी कुरकुरलं पाहिजे. पुडा जुना असंल आणि बिस्किटं सादळली असतील तर तव्यावर जरा गरम करून गार होऊ द्या.

मग चॉकलेट. ४०० मधलं २५० ग्रॅम आता आणि १५० वरच्या थराला ठेवायचं, क्रीमचं पण तसंच, १२५ मिली आता आणि ७५ नंतर. म्हणजे दोन्हीकडं चॉकलेटच्या निम्मं क्रीम, हे प्रमाण धरलं की वडी कापता येती. दोन्ही समान घेतलं तर मऊ पडतं, ते चमच्यानं खायला बरं पण हातात धरायला नाही. चॉकलेट सुरीनं बारीक चिरा. एका पातेल्यात दोन बोटं पाणी तापवा, वर दुसरं कोरडं भांडं असं बसवा की त्याच्या बुडाला पाणी लागणार नाही, त्यात चॉकलेट आणि बटर टाका आणि गॅस बारीक करून हलवत राहा. वितळत आलं की खाली उतरवा, राहिलेले खडे आपोआप विरघळतेत. इथं पाण्याचा एक थेंब पण नको. वाफेचा थेंब पडला तरी चॉकलेट घट्ट गोळा होऊन बसतंय, कारण त्यातली साखर आणि कोको तो ओलावा ओढून एकमेकाला चिकटतेत. चमचा, भांडं, हात सगळं पुसून कोरडं पाहिजे. झालाच गोळा तर फेकू नका, गरम क्रीम थोडं-थोडं घालून घोटा, परत सरळ होतंय.

क्रीम दुसऱ्या भांड्यात कडेला बुडबुडे येईपर्यंतच तापवा, उकळू नका. त्यात कॉफी, मीठ आणि चाळलेली कोको पावडर घालून गुठळ्या मोडा आणि ते चॉकलेटवर ओता, दोन मिनिटं थांबा, मग मधून सुरू करून बाहेर-बाहेर हलवत या. चकचकीत झालं म्हणजे जमलं. वर तेल तरंगायलं तर एक-दोन चमचे कोमट दूध घालून जोरात घोटा. गावात क्रीम मिळत नाही असं कुणी म्हणंल, तर २०० मिली क्रीमच्या जागी १५० मिली म्हशीचं दूध आणि ५० ग्रॅम जास्तीचं लोणी घ्या, हिशोब जवळपास तोच बसतो. दुधावरची साय मात्र तशीच घालू नका, तिच्या गुठळ्या राहतेत.

आता बिस्किट आणि शेंगदाणे त्यात घालून उलथण्यानं वरखाली करा, सगळ्याला चॉकलेट लागलं पाहिजे. आठ-नऊ इंची चौकोनी डबा किंवा कडेचं ताट घ्या, आत बटर पेपर असा घाला की दोन्ही बाजूनं वर येईल, नंतर त्यालाच धरून लादी बाहेर काढायचीय. मिश्रण ओता आणि वाटीच्या बुडानं गच्च दाबा. हे दाबायचं काम मनापासून करा, सैल राहिलं तर कापताना भुगा होतोय.

वरचा थर म्हणजे राहिलेलं चॉकलेट आणि क्रीम, तीच पद्धत, ओतून डबा हलकासा आपटा म्हणजे सपाट होतं. त्यावर जालन्याकडच्या मोसंबीची साल किसून घाला, जालन्याच्या मोसंबीला जीआय मानांकन आहे हे माहीतच असंल, पण चॉकलेटसोबत तिची साल किती छान लागती ते करूनच बघा. फक्त वरची हिरवी-पिवळी साल, खालचा पांढरा भाग कडू असतो.

धाराशिव, भूमकडचं कुणी असंल तर कुंथलगिरीचा खवा आठवल्याशिवाय राहणार नाही, आणि दोन थरांच्या मधे पावशेर खवा थोडी साखर घालून, परतून, गार करून पसरला तर वडी वेगळ्याच लेव्हलला जाती. पण खवा टिकत नाही, मग ती वडी रात्रभर फ्रीजमध्येच ठेवा, शेतात नेताना थंड ठेवा आणि त्याच दिवशी संपवा, उरवू नका.

सेट व्हायला फ्रीजमध्ये तीन-चार तास लागतेत. लाइट गेली तरी घाबरायचं कारण नाही, परभणीकडं तर या दिवसात पहाटे पारा दहाच्या खाली येतोय, खिडकीजवळच्या गार फरशीवर रात्रभर ठेवली तरी घट्ट होती. तेवढ्या मुंग्या सांभाळा, परातीत पाणी घालून मधे उलटी वाटी ठेवा आणि वाटीवर झाकलेला डबा.

सकाळी लादी बाहेर काढा, सुरी गरम पाण्यात बुडवा, कोरडी पुसा आणि कापा, प्रत्येक काप झाला की परत पुसा. सहा बाय सहा कापली की ३६ वड्या होतेत. मोठ्या कापू नका, ही वडी जड असती आणि पोटात आधीच सुरती नाहीतर गुळभेंडीचा हुरडा बसलेला असतोय. दोन थरांत बटर पेपर घालून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. डबा गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा डिकीत उन्हात नको, सीटखाली ठेवा, आणि शेतात गेल्यावर आगटीपासून लांब, झाडाच्या सावलीला, वर ओलं पिळलेलं फडकं टाकून. गेल्या-गेल्या उघडू नका. हुरडा, चटणी, दही होऊन लोक हात धुवून सावलीत आडवे झाले आणि चुलीवर बिनदुधाचा चहा चढला की तेव्हा काढा, त्या चहासोबत ही जशी लागती तशी दुसऱ्या कशासोबत लागत नाही.

उरलीच तर फ्रीजमध्ये चार-पाच दिवस आरामात राहती. आणि डब्याच्या तळाशी, कोपऱ्यात जो चुरा राहतो तो धुऊन टाकू नका, कपभर दुधात टाकून उकळा, लेकरं रांगेत उभी राहतेत.