बॅच जॉबमधला ट्रिगर डीबग कसा करावा (आयबीएम आय)

रात्रीच्या बॅचमध्ये (मागे आपोआप चालणाऱ्या जॉबमध्ये) ट्रिगर प्रोग्रॅम, म्हणजे फाइलमधला रेकॉर्ड बदलला की आपोआप चालणारा प्रोग्रॅम, आपटतो, जॉब लॉगमध्ये ‘सीपीएफ५०२बी’ (ट्रिगर प्रोग्रॅममध्ये चूक झाल्याचा संदेश) उमटतो, आणि सकाळी तोच रेकॉर्ड हाताने बदलून पाहिला तर सगळं सुरळीत! आयबीएम आय या आयबीएमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर (जुन्या मंडळींसाठी अजूनही एएस/४००) हा छळ अनेकांच्या ओळखीचा आहे.

ट्रिगरला स्वतःचा जॉब नसतो. ज्या जॉबने रेकॉर्ड बदलला त्याच जॉबमध्ये तो चालतो. त्यामुळे आपल्या सेशनमध्ये नुसतं ‘स्टार्ट डीबग’ देऊन काही हाती लागत नाही. बॅच जॉबच पकडावा लागतो, तोही सुरू होण्याआधी.

१. ‘डिस्प्ले फाइल डिस्क्रिप्शन’मध्ये ट्रिगरचा प्रकार मागून फाइलला नेमका कुठला प्रोग्रॅम आणि कुठल्या लायब्ररीतला जोडलाय ते पाहा. तो सोर्स किंवा लिस्ट डीबग व्ह्यूसह (म्हणजे डीबग करताना कोड दिसेल असा) कंपाइल केलेला हवा.

२. जॉब सबमिट करताना होल्ड ‘यस’ ठेवा, म्हणजे तो लगेच सुरू न होता थांबून राहील. मग सबमिट केलेल्या जॉबच्या यादीतून त्याचा नंबर, यूजर आणि नाव टिपून घ्या.

३. ‘स्टार्ट सर्व्हिस जॉब’ला (दुसरा जॉब आपल्या सेशनमधून हाताळू देणारी कमांड) हे तिन्ही द्या. त्यानंतर ट्रिगर प्रोग्रॅमचं नाव देऊन ‘स्टार्ट डीबग’.

इथे एक खड्डा आहे. ‘स्टार्ट डीबग’मधल्या ‘अपडेट प्रॉडक्शन फाइल्स’चं डीफॉल्ट उत्तर ‘नो’ असतं, म्हणजे प्रॉडक्शन प्रकारच्या लायब्ररीतली फाइल डीबगमध्ये अपडेटसाठी उघडतच नाही. लायब्ररीच्या नावात ‘टेस्ट’ असलं तरी भुलू नका. तयार करताना प्रकार सांगितला नसेल तर तीही प्रॉडक्शनच. मग मूळ चूक राहते बाजूला आणि आपण नव्याच एररच्या मागे लागतो. चाचणीचा डेटा असल्याची खात्री करूनच ‘यस’ द्या.

४. जॉब रिलीज करा. तो सुरू होताच स्क्रीन येईल. एफ१० दाबा, ‘डिस्प्ले मॉड्यूल सोर्स’ने कोड उघडा आणि एफ६ने ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम जिथे थांबवायचा ती खूण) लावा. बाहेर पडून एंटर दाबलं की जॉब पुढे सरकतो आणि ट्रिगरमध्ये येऊन थांबतो.

५. आता ट्रिगर बफर पाहा, म्हणजे प्रोग्रॅमला मिळणारा पहिला पॅरामीटर. त्यातलं ३१वं अक्षर घटना सांगतं: १ इन्सर्ट, २ डिलीट, ३ अपडेट. ३२वं वेळ सांगतं: १ बदलानंतर, २ आधी. जुना आणि नवा रेकॉर्ड कुठून सुरू होतो ते बफरमधल्या ऑफसेटवरूनच (सुरुवातीपासूनचं अंतर सांगणारा आकडा) काढायचं असतं. कुणीतरी तो आकडा कोडमध्ये थेट लिहून ठेवतो, पुढे फाइलमध्ये एक फील्ड वाढतं, आणि ट्रिगर भलतीच अक्षरं रक्कम म्हणून वाचू लागतो. माझा पहिला संशय नेहमी इथेच.

ब्रेकपॉइंटवर चहाला जाऊ नका. रेकॉर्ड लॉक राहतो, आणि फाइलचा रेकॉर्डसाठीचा वेटिंग टाइम साधारणपणे ६० सेकंदांचाच असल्याने दुसऱ्यांचे जॉब लगेच एरर देऊ लागतात.

काम झालं की आधी ‘एंड डीबग’, मग ‘एंड सर्व्हिस जॉब’; उलट क्रम सिस्टिम स्वीकारत नाही.