किल्ली फिरवताना हात नेमका कुठे फिरतो? चाचपून पाहा

कुलपात किल्ली फिरवली की आपण म्हणतो, मनगट फिरवलं. खरं तर मनगट पुढे-मागे वाकतं, बाजूंना झुकतं, पण गोल जवळपास फिरतच नाही. मग कोण फिरतं? ते आपल्याच हातावर शोधता येतं. कोपर दुखत किंवा सुजलं असेल तर मात्र हा उद्योग नंतर.

बाही वर सारून बसा. उजवं कोपर काटकोनात वाकवून बरगड्यांना चिकटवा. ते सुटलं की खांदा लुडबुड करतो. उखळीचा सांधा तो, सगळीकडे वळतो, आणि श्रेय भलत्यालाच जातं. आता तळवा उताणा करा, मग पालथा. जवळजवळ अर्धा फेरा होतो. पुन्हा तेच करा, पण मनगटाच्या जरा वर दोन्ही हाडं डाव्या हाताने गच्च धरून. तळवा जेमतेम हलेल. मनगटावरचा संशय फिटला.

आता ही दोन हाडं ओळखा. कोपराच्या टोकापासून करंगळीच्या बाजूने बोट खाली न्या. कातडीखालची धार थेट मनगटापर्यंत लागते. हे हाड दंडाच्या हाडाला बिजागरीने जोडलेलं, त्यामुळे फक्त उघडमीट.

दुसरं हाड अंगठ्याकडचं, आणि खरी गंमत त्याचीच. कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यापासून दोनेक सेंटिमीटर मनगटाकडे सरका, बोट दाबून ठेवा, तळवा सावकाश उलटा-सुलटा करा. बोटाखाली काहीतरी गोल वळतंय ना? ते या हाडाचं डोकं. अस्थिबंधाच्या, म्हणजे हाडं बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्याच्या, कड्यात बसून ते जागीच फिरतं. तळवा पालथा होताना हाडाचं खालचं टोक मात्र शेजारच्या हाडावरून पलीकडे जातं.

लहानग्यांमध्ये, साधारण चार वर्षांपर्यंत, या कड्याची पकड पक्की नसते. हाताला धरून हिसडलं की डोकं निसटू शकतं आणि मूल तो हात वापरेनासं होतं. अशा वेळी घरी ओढाताण नको, डॉक्टरकडे न्या. मुलांना उचलावं काखेत हात घालूनच.

शेवटी डावा हात उजव्या दंडावर ठेवा, कोपर वाकलेलंच असू द्या आणि स्क्रू पिळल्यासारखा तळवा जोर लावून उताणा करा. बेटकुळी टरारून येईल. उलट फिरवताना ती ढिली पडते. म्हणून उजव्या हाताने स्क्रू आवळायला जास्त जोर मिळतो, काढायला कमी. डावखुऱ्यांचं बरोबर उलटं.